सहा मिनिटं पेवावर, आठ मिनिटं पाचटावर

वाळवा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. ती सांगलीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकते. वर्गासमोर तिला दोन भाषणं द्यायची आहेत. एक सहा मिनिटांचं, माहिती देणारं. दुसरं आठ मिनिटांचं, ऐकणाऱ्यांचं मत वळवणारं. पहिल्यासाठी तिने 'सांगलीची हळद' हा विषय घेतला आहे, दुसऱ्यासाठी 'उसाचं पाचट जाळू नका' (पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर रानात उरणारी वाळकी पानं). शाळेत असताना तिने वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली आहेत, पण या वेळी सराव ऐकून तिचे सर म्हणाले, "बोललीस छान, पण मला कळलं काय?" ती विचारते, माझं चुकलं कुठे? भाषण पाठ करू की नको? आणि बोलताना गावाकडची भाषा येते, ती कशी लपवू?

बाळा, मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात 27 वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं मुलांची भाषणं बसवण्यात गेली. तुझ्या सरांनी विचारलं ते अगदी नेमकं आहे. आपल्याकडे मुलं बोलायला शिकतात ती स्पर्धेसाठी. तिथे आवाजाला गुण, हावभावाला गुण, पाठांतराला गुण. समोर बसलेली दोनशे मुलं काय घेऊन घरी गेली याला गुण नसतात. मग त्या मुलांचा विचार करायची सवयच लागत नाही. भाषण तयार करायला घेताना सुरुवात कागदापासून करायची नाही, ऐकणाऱ्यापासून करायची. मला जे सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळा त्याचा विस्तार.

माझी एक कसोटी आहे. तुझ्या वर्गातली एखादी मुलगी संध्याकाळी एसटीने घरी गेली आणि आईने विचारलं, "आज काय झालं कॉलेजात?" तर तुझ्या भाषणातलं ती काय सांगेल? ते एक वाक्य आधी वहीत लिही. "एक मुलगी हळदीवर छान बोलली" हे उत्तर असेल तर भाषण अजून झालेलं नाही.

तू पाठवलेला आराखडा पाहिला. हळदीचा इतिहास, आयुर्वेदातलं स्थान, सेलम आणि राजापुरी या जाती, सांगलीची बाजारपेठ, 2018 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, निर्यात. सहा मिनिटांत सहा विषय, प्रत्येकाला मिनिट. हे सगळं खरं आहे, महत्त्वाचंही आहे, आणि यातलं एकही ऐकणारीच्या हाताला लागणार नाही. मिनिटभरात कुठल्याही गोष्टीचं फक्त नाव घेऊन होतं.

यातला एकच धागा घे. मी असते तर हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, घेतली असती. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर सांगलीपासून चालत जाण्याइतकं जवळ. संगमेश्वराच्या देवळात सगळे जाऊन आलेले असतात, पण तिथल्या जमिनीच्या पोटात हळद वर्षानुवर्षं साठवली जायची हे तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी फक्त ऐकलेलं असेल आणि ते कसं जमायचं हे जवळजवळ कुणालाच सांगता येणार नाही. माहितीच्या भाषणाला अशीच जागा शोधायची असते. ऐकणाऱ्याला गोष्टीचं नाव माहीत आहे, पण तिच्या आत काय चालतं ते माहीत नाही. अगदी अनोळखी विषय घेतलास तर निम्मा वेळ ओळख करून देण्यात जातो, आणि पूर्ण ओळखीचा घेतलास तर लोक मोबाईल काढतात.

मग भाषण तीन प्रश्नांवर उभं राहतं. पेव म्हणजे काय? त्यात हळद का टिकायची? आणि ती पद्धत मागे का पडली? पहिल्याला मिनिटभर पुरे: जमिनीत खोल खणलेला खड्डा, आत रुंद, तोंड मात्र माणूस उतरेल एवढंच, माल भरला की तोंड बंद. तिसऱ्यालाही दीड मिनिट पुष्कळ. 2005 च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं, हळदीचं मोठं नुकसान झालं, शीतगृहांकडे ओढा वाढला. खरा वेळ दुसऱ्या प्रश्नाला दे. तोंड बंद झालं की आतली कीड आणि बुरशी असेल तेवढा प्राणवायू वापरून टाकते, बाहेरून नवा येत नाही, आणि किडीला जगता येत नाही. विषारी पावडर नाही, वीज नाही, माल राखायचं काम आतल्या बंद हवेनेच केलं. पेव उघडल्यावर माणसं लगेच आत का उतरायची नाहीत, आधी वारं का लागू द्यायची, हेही मग आपोआप कळतं. आईला सांगायचं वाक्य तयार झालं: "हरिपूरला हळद जमिनीत पुरून ठेवायचे, कारण प्राणवायू कमी पडला की कीड मरते."

हे वर्गात दाखवता येतं. सरांची परवानगी घेऊन टेबलावर एक छोटी मेणबत्ती लाव, वर काचेचा पेला उपडा घाल आणि गप्प उभी राहा. ज्योत बारीक होत विझेपर्यंत कुणीही दुसरीकडे बघणार नाही. मग म्हण, "हा पेला म्हणजे पेव." एक मात्र सांभाळ. मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यातला सगळा प्राणवायू संपलेला नसतो, जळायला पुरेल इतका उरलेला नसतो. समोर बी.एस्सी.चा वर्ग आहे, कुणीतरी बोट ठेवेलच. "प्राणवायू संपला" म्हणण्याऐवजी "प्राणवायू कमी पडला" म्हण. माहिती देणाऱ्या भाषणात अशा एका शब्दाने विश्वास बसतो किंवा उडतो.

भाषण लिहायच्या आधी हरिपूरला जा. नुसतं मोबाईलवर वाचून बोलू नकोस. तिथल्या जुन्या माणसांना विचार, पेवाचं तोंड कुठे असायचं, आतून काय लावायचे, भरायला किती माणसं लागायची. ज्याने सांगितलं त्याच्याच शब्दांत वहीत उतरव. मिरज तालुक्यातच कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, तिथे हळदीवर काम चालतं. तिथल्या एखाद्या तज्ज्ञाशी दहा मिनिटं बोलणं हे शंभर फॉरवर्ड केलेल्या संदेशांपेक्षा मोलाचं. आणि हळदीने अमुक रोग मुळापासून बरा होतो अशी वाक्यं, जी घराघरांतल्या ग्रुपवर फिरत असतात, ती भाषणात आणू नकोस. स्वतः पडताळलेलं नाही ते व्यासपीठावरून बोलायचं नाही, हा नियम मी मुलांना दहावीपासूनच घालून द्यायचे.

आकड्यांविषयी थोडं सांगते, कारण मुलं आकडे पाठ करतात आणि ऐकणाऱ्यांच्या डोक्यात एकही राहत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ते तुला लहानपणीचं आठवत असेल. पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या, एकूण पाच लाख लिटर पाणी. एका विद्यार्थ्याने त्यावर भाषण केलं होतं. तो "पाच लाख लिटर" म्हणाला तेव्हा वर्ग ढिम्म. मी त्याला म्हटलं, तुझ्या गल्लीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, त्यात मोज. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "आपल्या गल्लीत येतो तसे पन्नास टँकर, एकामागे एक." मुलांनी मान वर केली. पुराचंही तसंच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं. नुसतं "57 फूट" म्हणालीस तर तो आकडा राहतो. "धोक्याच्या खुणेवर आणखी एक अख्खा मजला पाणी" म्हणालीस तर ज्याच्या घरात पाणी आलं होतं तो तुझ्याकडे बघतो. सहा मिनिटांच्या भाषणाला दोन आकडे, फार तर तीन. मानांकनाचं साल सांगायचं असेल तर एका वाक्यात सांग आणि पुढे चल.

शेवटी "म्हणून आपण सर्वांनी हळदीचं सेवन केलं पाहिजे" असं वाक्य जोडू नकोस. तुझ्या आराखड्यात ते आहे. माहितीचं भाषण माहिती देऊन थांबतं. त्याच्या टोकाला उपदेश चिकटवला की ऐकणाऱ्याला वाटतं, मघापासून हिला हेच विकायचं होतं.

आता दुसरं भाषण, पाचटाचं. हे अवघड आहे आणि माझ्या दृष्टीने जास्त मोलाचं. इथे तुला फक्त सांगायचं नाही, समोरच्याला त्याच्या जागेवरून हलवायचं आहे. त्यासाठी तो आज कुठे उभा आहे ते आधी माहीत हवं. वर्गातल्या दहा जणांना या आठवड्यात सहज विचार, "तुमच्यात ऊस गेल्यावर पाचटाचं काय करता?" वाळवा, पलूस, कराड भागातली मुलं सांगतील, पेटवतो. का, असं विचार आणि मध्ये न बोलता ऐकून घे. उंदीर होतात. पाणी पुढं सरकत नाही. खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा येणारा ऊस, नीट फुटत नाही. माणसं मिळत नाहीत. आजोबांपासून असंच करतोय. ही यादी म्हणजे तुझ्या भाषणाचा कच्चा माल आहे. जत-आटपाडीची मुलं म्हणतील, आमच्यात ऊसच कुठं आहे, आणि शहरातल्या मुलांना पाचट म्हणजे काय तेही माहीत नसेल. म्हणजे समोर तीन वेगळे गट आहेत. बोलायचं मुख्यतः पहिल्या गटाशी, पण बाकीच्यांना कळेल असं.

तुझ्या मसुद्याची सुरुवात आहे: "आज मानव निसर्गाच्या मुळावर उठला आहे." ज्याच्या बापाने गेल्या आठवड्यात फड पेटवला तो मुलगा हे ऐकून काय करेल? हाताची घडी घालेल. त्याला वाटेल ही आपल्या वडिलांना गुन्हेगार ठरवतेय. घडी घातलेला माणूस पुढची सात मिनिटं ऐकत नाही, मनातल्या मनात उत्तर देत बसतो. त्याऐवजी त्याच्या बाजूने सुरू कर. तुमच्या घरीही पेटवत असाल तर तसं सांग, खरं असेल तरच सांग: "मागच्या वर्षीपर्यंत आमच्या रानातही काडी लावायचे. मी स्वतः बांधावर उभी राहून बघितलंय. त्यामागची कारणं मला माहीत आहेत." मग त्यातली उंदीर, पाणी, खोडवा आणि माणसं ही चारही कारणं त्यांच्याच शब्दांत मांड, त्यांनी मांडली असती त्याहून चांगली मांड. आता ती घडी सुटेल.

त्यानंतर एकेकाला उत्तर दे, आणि उत्तर शेतावरचं दे. खोडवा फुटत नाही, कारण पाचट बुडख्यांवर पडून राहतं. ते बाजूला ओढून सरीत घालायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे. पाणी सरकत नाही, तर पाचट एक आड एक सरीत दाबायचं आणि मोकळ्या सरीने पाणी द्यायचं. दाबलेलं पाचट लवकर कुजावं म्हणून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे. माणसं मिळत नाहीत, तर ट्रॅक्टरवर चालणारं, पाचटाचे बारीक तुकडे करणारं कुट्टी यंत्र आहे, त्याचं भाडं तुमच्या भागात काय आहे ते विचारून आण. आणि उंदरांचं? तिथे प्रामाणिक राहा. पाचट असलं की उंदरांना आडोसा मिळतो हे खरं आहे, त्यावर लक्ष ठेवावं लागतं, असंच सांग. चारपैकी एका आक्षेपावर "तुमचं बरोबर आहे" म्हणणारीवर लोक बाकी तीन बाबतींत विश्वास ठेवतात. मी हे कितीतरी वेळा पाहिलं आहे.

तसंच "जाळल्याने सगळं नष्ट होतं" म्हणू नकोस. एका एकरात साधारण तीन ते चार टन पाचट निघतं. ते पेटवलं की त्यातलं नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातं, वरच्या थरातले जीव होरपळतात. पालाश (पोटॅश) मात्र बऱ्यापैकी राखेत उरतं. शेतकरी जेव्हा म्हणतो, "राख पण खतच की," तेव्हा तो अर्धा बरोबर असतो. ते अर्धं मान्य कर आणि उरलेलं अर्धं दाखव. याची पक्की माहिती हवी असेल तर आपल्या शेजारी फलटण तालुक्यात पाडेगावला मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे, 1932 पासूनचं. त्यांच्या शिफारशी मराठीत मिळतात.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या ॲलन मनरो यांनी 1930 च्या दशकात मत वळवणाऱ्या भाषणासाठी पाच पायऱ्या मांडल्या. आधी लक्ष वेधा, मग गरज दाखवा, मग उपाय द्या, तो केल्यावर काय दिसेल ते डोळ्यांसमोर उभं करा, आणि शेवटी एक कृती मागा. तुझ्या अभ्यासक्रमात बहुधा हीच मांडणी येईल. चांगली आहे, वापर. माझा अनुभव एवढाच की आपली मुलं दुसऱ्या पायरीवर सात मिनिटं घालवतात, संकट किती मोठं आहे हेच सांगत राहतात, आणि पाचवी पायरी "चला तर मग, शपथ घेऊया" अशी उरकतात.

ती पाचवी पायरी फार नीट विचार करून ठरव. "पाचट जाळू नका" ही मागणी तुझ्या वर्गाला लागूच होत नाही, काडी त्यांच्या हातात नाही, वडिलांच्या किंवा काकांच्या हातात आहे. मग वर्गाकडून काय मागायचं? "या हंगामात घरी जाऊन फक्त पाच गुंठे मागा. बाकीचं रान नेहमीसारखं करू द्या. पाच गुंठ्यांत पाचट सरीत दाबा, आणि उन्हाळ्यात दोन्हीकडची माती मुठीत घेऊन बघा." हे मागणं करता येण्यासारखं आहे, तपासता येण्यासारखं आहे आणि वडिलांना नाही म्हणायला जड जाईल असं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 पासून साताऱ्याहून ती वाढवली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांनी गोरगरिबांच्या दारात जाऊन मोठी देणगी मागितली असती तर दारं लागली असती. त्यांनी घरटी मूठभर धान्य मागितलं. मूठ कुणालाही देता येते, आणि ज्याने एकदा मूठ दिली त्याला ती संस्था आपली वाटायला लागते.

दुसरी शिकवण गाडगेबाबांची. त्यांचं गाव विदर्भातलं, पण कराडच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे, तेव्हा तू ऐकलेलंच असेल. त्यांच्या कीर्तनाची रीत अशी की ते प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडून काढून घेत. साधे प्रश्न, ज्यांना एकच उत्तर आहे असे. लोक "नाही" म्हणत, "होय" म्हणत, आणि पाच-सहा उत्तरांनंतर त्यांच्या लक्षात येई की आपणच आपल्या जुन्या समजुतीविरुद्ध बोललो. दुसऱ्याने सांगितलेलं माणूस खोडून काढतो, स्वतःच्या तोंडून निघालेलं खोडत नाही. तुझ्या भाषणात असे दोन प्रश्न ठेव. "खताचं पोतं आणून कुणी बांधावर पेटवेल का?" विचार आणि थांब. उत्तर येईपर्यंत खरंच थांब. आपली मुलं प्रश्न विचारतात आणि श्वासही न घेता पुढे पळतात.

आता भाषेचं. लपवू कशी, असं तू विचारलंस आणि मला वाईट वाटलं. याच मातीत क्रांतिसिंह नाना पाटील गावोगाव बोलले आणि 1940 च्या दशकात प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारच्या, मागे माणसं उभी राहिली, ती खेडुतांच्या बोलीत केलेल्या भाषणांनी. तुझी बोली हा दोष नाही. एक व्यवहार मात्र पाळ. विज्ञानाची वाक्यं, आकडे, व्याख्या प्रमाण मराठीत बोल, कारण तिथे शब्द नेमका लागतो आणि सगळ्यांना तो सारखा कळला पाहिजे. पण शेतकऱ्याचं बोलणं आलं की ते त्याच्याच तोंडचं येऊ दे. "पाचट ठिवलं की पाणी फुडं सरकत न्हाई" हे वाक्य "पाचट ठेवल्यास पाण्याचा प्रवाह अडतो" असं केलंस की त्यातला माणूस निघून जातो. 'न' आणि 'ण' ची काळजी वाटते म्हणतेस. भाषणात येणारे असे दहा-बारा शब्द वेगळे काढ, प्राणवायू, प्रमाण, परिणाम वगैरे, आणि रोज दोन मिनिटं मोठ्याने म्हण. आठवड्यात जीभ वळते. बाकीच्या शब्दांची चिंता सोड.

पाठ करू का? याचं उत्तर मी एका मुलाच्या बाबतीत चूक करून शिकले. जत तालुक्यातला मुलगा, आवाज खणखणीत. एका स्पर्धेसाठी 'पाणी' या विषयावर त्याचं सात मिनिटांचं भाषण मीच लिहून दिलं होतं, अलंकार आणि कवितेच्या ओळींसकट. त्याने शब्द न् शब्द पाठ केला. चौथ्या मिनिटाला एक शब्द निसटला आणि तो थांबला. पुढचं काहीच आठवेना, कारण पुढचं वाक्य मागच्या वाक्याच्या शेपटाला बांधलेलं होतं, अर्थाला नाही. सभागृह शांत. एका परीक्षकांनी हळूच विचारलं, "तुझ्या घरी पाणी कुठून येतं रे?" आणि तो बोलायला लागला. टँकर विहिरीत कसा रिता करतात, पहिलं पाणी गढूळ येतं म्हणून घागरी कशा थांबवून धरतात, घरी आल्यावर आई तुरटी किती वेळा फिरवते. दोन मिनिटं. हे सगळं त्याच्याजवळ होतं आणि मी लिहिलेल्या भाषणात त्यातलं एक वाक्य नव्हतं. त्या दिवसानंतर मी कुणालाही भाषण लिहून दिलं नाही. तुझंही लिहून देणार नाही, म्हणून राग मानू नकोस.

तर पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन. सुरुवातीला भीती असते, शेवटी घाई असते, त्या दोन जागी पाठांतर हात देतं. मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढी तीन जाड कार्डं कर, एका मुद्द्याला एक, प्रत्येकावर चार-पाच शब्द मोठ्या अक्षरात. वाक्य लिहायचं नाही, लिहिलं की डोळा वाचायला लागतो. सुट्टे पातळ कागद नकोत, हात थरथरला की ते फडफडतात आणि भीती सगळ्या वर्गाला दिसते.

सराव उभं राहून, मोठ्याने, आणि दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत. पाच-सहा वेळा झालं की वाक्यं बदलतात पण मुद्दे जागचे हलत नाहीत, तेव्हा समजायचं की भाषण तुझं झालं. एकदा मोबाईलवर आवाज भरून घे आणि ऐक. एकदा आजीसमोर बोल. ती जिथे "म्हंजी काय?" म्हणेल तिथे भाषण बदल, आजीला समजवायच्या फंदात पडू नकोस. माझी मुलं मिनिटाला साधारण शंभर ते एकशे दहा शब्द बोलायची, म्हणजे सहा मिनिटांसाठी सहाशेच्या आसपास शब्दांचा मजकूर झाला. मेणबत्तीचे आणि प्रश्नांनंतरच्या थांबण्याचे क्षण त्यातून वजा कर. साडेपाच मिनिटांचं भाषण बसव, सभेत ते सहाला जातं.

"सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक, पूज्य गुरुजन वर्ग" ही रांग वर्गात नको. "नमस्कार" म्हण, दोन सेकंद थांब, मागच्या बाकावरच्या एका चेहऱ्याकडे बघ आणि सुरू कर. डावीकडे एक, उजवीकडे एक आणि मागे एक असे तीन चेहरे धरून ठेवलेस की सगळ्या वर्गाला वाटतं तू आपल्याशी बोलते आहेस. माईक असेल तर तोंडापासून वीतभर लांब धर आणि आधी जाऊन तपासून ये. पंख्याचा आवाज मोठा असेल तर पहिली दोन वाक्यं सावकाश बोल. आणि छातीत धडधड होणारच, मला शेवटच्या वर्षापर्यंत व्हायची. उठायच्या आधी श्वास घेण्यापेक्षा सावकाश लांब सोडण्याकडे लक्ष दे, तीन-चार वेळा. विसरलीस तर माफी मागू नकोस. कार्डाकडे बघ, तो शब्द मनात वाच, पुढे बोल. ऐकणाऱ्यांना तू विचार करते आहेस असंच वाटतं.

भाषणानंतर प्रश्न येतील, मुख्यतः पाचटावर, आणि त्यातला एखादा तुला येणार नाही. "हे मला माहीत नाही, विचारून पुढच्या तासाला सांगते" असं म्हण आणि पुढच्या तासाला खरंच सांग.

तुझ्या हातात अजून पंधरा दिवस आहेत. या शनिवारी कॉलेज सुटल्यावर हरिपूरला जाऊन ये, कुणी मैत्रीण सोबत घे. रविवारी घरी जाशील तेव्हा वडिलांबरोबर खोडव्याच्या रानात जा आणि त्यांनाच पहिल्यांदा विचार, "आण्णा, मला पाच गुंठे द्याल का?" ते काय म्हणतात ते शब्दशः लिहून आण. ते नाही म्हणाले तरी लिहून आण. तुझ्या दुसऱ्या भाषणाची सुरुवात त्या वाक्याने होईल, आणि ते मला कळव, मग पुढचं बसवायला घेऊ.